बर्फखोलीतल्या निशाण्या

मच्छीमार सोसायटीत कारकून होतो असं सांगितलं की समोरचा माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरतो. त्याला वाटतं, याच्या हाताला मासळीचा वास असणार. माझ्या हाताला असायचा तो डिझेलचा. बोटींना डिझेल द्यायचं, बर्फ द्यायचा, खलाशांचे कागद करून द्यायचे. आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असताना चिंचोटीच्या धबधब्यावर भिजून थेट बंदरावर ताजं पापलेट मागायला येणाऱ्या पोरांना समजवायचं, की बाबांनो, माशांनासुद्धा सुट्टी असते. एवढं माझं काम.

मासळीचा वास होता तो यमुनेला. यमुना म्हणजे माझी बायको. माझ्या भावाची बोट किनाऱ्याला लागली की मासळी निवडून, क्रेटमध्ये भरून ती लिलावाला लावायची. आमच्याकडे समुद्र पुरुषांचा आणि किनारा बायकांचा, अशी जुनी वाटणी आहे. मी या वाटणीत कुठेच बसत नव्हतो. कोळ्याच्या घरात जन्मून मला बोट लागायची. वडिलांनी दोन-तीनदा नेऊन पाहिलं, आणि मग म्हणाले, "याला शाळेतच ठेवा, तिथं जमीन हलत नाही." मी पुस्तकात शिरलो तो बाहेर आलोच नाही. लग्नानंतर यमुना शेजारणींना सांगायची, "आमच्या घरात एक जन वाचतो आनि एक जन बोलते. भांडन कसं व्हनार?"

ती यंदा चैत्रात गेली. दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, माझ्या नोकरीतल्या ज्या एका प्रकरणावर ती सगळ्यात जास्त हसली, तेवढं लिहावं. हळू लिहितो आहे. मध्येच हसू येतं आणि पेन ठेवावं लागतं, म्हणूनही वेळ लागतो.

प्रकरण निशाण्यांचं आहे. बाहेरच्या वाचकांसाठी आधी ते सांगतो. किनाऱ्यावर सगळ्यांच्या टोपल्या एकाच बुरुडाच्या, सारख्या दिसणाऱ्या. म्हणून मासळी विकणाऱ्या प्रत्येक बाईची एक निशाणी असते. पूर्वी ती तापल्या सळईने टोपलीच्या काठावर डागत, नंतर प्लॅस्टिकच्या क्रेटवर रंगाने काढू लागले. लिलाव पुकारणारा बाईचं नाव घेत नाही, निशाणी पुकारतो. फिलूमावशीची चौकट. हिराबायचे तीन गळ, एकमेकांत अडकवलेले. गंगूबायचं अधिक चिन्ह आणि त्याभोवती चार ठिपके. मालतीबायचं कोंबडीचं पाऊल. रोझीचा कोयता. आणि आमचाही कोयताच, पण पोटात दोन ठिपके. निशाणी सासूकडून सुनेकडे येते. माझ्या आईने यमुनेची हळद उतरायच्या आत तिच्या हातात टोपली दिली होती आणि सांगितलं होतं, "ठिपके इसरू नको. ठिपके गेले का आपन रोजीच्या घरात गेलो."

सोसायटीने बर्फखोली बांधली तेव्हा या निशाण्यांवर संकट आलं. बर्फखोलीत सगळ्यांचे क्रेट एकत्र ठेवायचे, आणि ओल्यात रंग टिकेना. चेअरमननी कामणच्या रस्त्यावरच्या एका गोदामातून स्टिकर छापायचं यंत्र आणलं. पाण्यात भिजलं तरी न निघणारं स्टिकर. यंत्र बसवायला नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, कानात फोन.

"अंकल, एकदम सिम्पल आहे. प्रत्येक लेडीजला एक नंबर द्यायचा. बस."

बायका दारात जमल्या होत्या. यमुना सगळ्यांच्या पुढे.

"कसला नंबर?"

"म्हणजे आंटी, तुमचा समजा चौदा. तुमच्या सगळ्या क्रेटवर चौदा येणार."

"चौदा तुजा बाप! मी कोयता हाय."

"आंटी, मशीनमध्ये पिक्चर नाही जात. ओन्ली लेटर्स आणि नंबर."

त्याने करून दाखवलं. फिलूमावशीच्या चौकटीचा फोटो घालून छापला, तर स्टिकरवर काळा डाग आला. फिलूमावशी पचूबंदरची, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या बाकावर बसणारी, सहसा न रागावणारी बाई. तिने स्टिकर उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ही माजी चौकट? हिच्यात तं अंधार जालाय."

चेअरमन तसे समंजस गृहस्थ होते. त्यांनी तोडगा काढला. नारळी पौर्णिमेनंतर बोटी परत सुरू होतील. पहिल्या लिलावाला सगळ्यांच्या निशाण्या स्टिकरवर नीट आल्या तर निशाण्या. एक जरी आली नाही तर सगळ्यांना नंबर, कारण अर्ध्या निशाण्या आणि अर्धे नंबर असा घोळ लिलावात चालणार नाही.

यमुनेने दोन्ही हात कमरेवर ठेवले. सगळ्या बंदरासमोर बोलली, "सगल्यांच्या येतील. आमच्या घरात शिकलेला मानूस हाय. माज्या शब्दावर र्‍हा. एकीची जरी नाय आली, तं पैला नंबर मी घेन."

बायकांनी माना डोलावल्या. मग आम्ही दोघं घरी आलो. तिने चहा टाकला, माझ्याकडे पाठ होती, आणि हळूच विचारलं, "अवो, येतील ना?"

मला काहीच माहीत नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. यंत्र चित्र घेत नव्हतं, अक्षर घेत होतं. कुठल्या लिपीचं अक्षर, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

इथे थोडं तंत्राचं सांगावं लागेल. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो. जगातल्या झाडून सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देऊन ठेवला आहे, त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. आपल्या 'क'ला एक, तमिळ 'क'ला दुसरा. पण ती यादी करणारी माणसं अक्षरांवर थांबली नाहीत. बुद्धिबळाचे मोहरे घातले, पत्ते घातले, ग्रहांची चिन्हं, हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांवरच्या रेघोट्या, किमयागारांची गुप्त चिन्हं, सगळं घातलं. माणसाने कुठेही काही खरडलं असेल तर त्याला एक क्रमांक देऊन टाकायचा, असा त्यांचा एकंदर उत्साह दिसतो. माझ्या मनात आलं, इतकं सगळं आहे तर आमच्या बायकांनीच काय घोडं मारलंय? त्या पसाऱ्यात कोंबडीचं पाऊल सापडणार नाही?

मग सुरू झाल्या त्या पावसाळ्यातल्या दुपारी. बोटी झावळ्यांखाली ओढून ठेवलेल्या. मी मुलाचा लॅपटॉप घेऊन ओटीवर बसायचो. एका बाजूला युनिकोडचे तक्ते, दुसऱ्या बाजूला अक्षरं लिहायचा साधा एडिटर. यमुना शेजारी सुकट निवडत बसायची आणि मान वाकडी करून पडद्यावर नजर ठेवायची.

"यो कोन?"

"तो बुद्धिबळाचा घोडा."

"आनि यो?"

"ती छत्री. वरून पाऊस पडतोय."

"या लोकांना कामधंदे नाय? छत्रीचं अक्षर! 'छ' लिवला असता तं भिजले असते?"

कवटी आली. "ती फुडं घे. श्रावन हाय." चिनी लोकांच्या शकुनाच्या सहा रेघा आल्या, तर म्हणाली, "ही तं आपल्या बाकड्याची फली." जुन्या ग्रीक बेटांवरच्या लिपीतलं एक अक्षर पाहून ती इतकी खूश झाली की सुपातली सुकट सांडली. ते हुबेहूब तिच्या मामेबहिणीसारखं दिसत होतं म्हणे, डोक्यावर पाटी घेतलेलं.

पहिली सापडली ती कोंबडीच्या पावलाची. उत्तरेकडच्या थंड देशांत दगडांवर कोरलेली जुनी अक्षरं आहेत, त्यांतलं एक उलटं धरलं की कोंबडी नुकतीच चालून गेली आहे असं वाटतं. आमच्या मालतीबायची निशाणी! मी ते अक्षर तक्त्यातून उचलून एडिटरमध्ये टाकलं आणि फाइल जपून ठेवली. परत उघडली तर तिथे प्रश्नचिन्ह.

"कोंबडी उडाली," यमुना म्हणाली.

चूक माझीच होती. फाइल जुन्या पद्धतीने साठवली गेली होती. त्या पद्धतीला इंग्रजीपलीकडची अक्षरं माहीतच नसतात, आणि माहीत नसलं की ती प्रश्नचिन्ह मांडून मोकळी होते. साठवताना युनिकोडची पद्धत निवडायची असते. निवडली, आणि पाऊल टिकलं. पण दुसऱ्या एका एडिटरमध्ये उघडलं तर त्याच जागी रिकामी चौकट. म्हणजे क्रमांक ठीक पोचला होता, पण त्या क्रमांकाचा आकार काढून दाखवणारा फॉन्ट तिथे नव्हता. आकार सापडला नाही की संगणक चौकट मांडून ठेवतो, पाहुणा न आलेल्या पानासारखी. मग सगळी अक्षरं असलेला एक मोठा, फुकटचा फॉन्ट शोधून उतरवला, आणि पडद्यावर कोंबडीचं पाऊल उमटलं. यमुनेने शेजारच्या भिंतीवर धपाधप हात मारला. "मालती! ए मालती! तुजी कोंबडी घावली! परदेशात व्हती!"

त्यानंतर आम्हांला वेडच लागलं. रोझीचा कोयता म्हणजे चंद्रकोर, ती लगेच मिळाली. गंगूबायचं अधिक आणि चार ठिपके किमयागारांच्या कप्प्यात निघाले, आणि त्या चिन्हाचा अर्थ निघाला व्हिनेगर. फिलूमावशीला हे सांगितल्यावर ती व्हिनेगर घातलेल्या विंदालूची मालकीण असल्यासारखी म्हणाली, "ते माज्याकडं पायजे व्हतं. गंगूला कशाला व्हिनेगर?" फिलूमावशीच्या चौकटीला तर शोधावंच लागलं नाही.

हिराबायच्या तीन गळांपाशी मात्र मी अडखळलो. तंतोतंत तेच चिन्ह होतं, पण जगभर ते धोकादायक जंतूंसाठी वापरतात. हॉस्पिटलच्या पिवळ्या पिशव्यांवर असतं ना, तेच. मी यमुनेला समजावून सांगितलं. ती गंभीर झाली, म्हणजे तोंड मिटून हसली, आणि हिराबायला बोलावलं.

हिराबायने ऐकून घेतलं. "माजी आजेसासू ही निशानी लावायची तवा ते जंतू जलमले तरी व्हते का? मी नाय बदलनार. त्यांनी बदलावी."

मी तीच घातली. पुढे एका मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला ते स्टिकर पाहून दोन क्रेट मागे सरला आणि हिराबायने त्याला तिथल्या तिथे कच्ची करंदी तोंडात टाकून खाऊन दाखवली, तो वेगळा तमाशा. तो अजून तिच्याकडूनच नेतो.

राहिला आमचा कोयता. पोटात दोन ठिपके असलेला चंद्र कुठल्याच लिपीत नव्हता. मी ग्रीक पाहिलं, इथिओपियाचं पाहिलं, संगीताची चिन्हं पाहिली. शेवटी एक युक्ती केली. काही चिन्हं स्वतंत्र नसतात, दुसऱ्या अक्षरावर बसतात, आपला अनुस्वार बसतो तशी. चंद्रकोरीवर असे दोन ठिपके बसवले. घरच्या एडिटरमध्ये ते घसरत घसरत बरोबर पोटात जाऊन बसले. यमुनेने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. "सासूबाय बगतील तं खूश व्हतील," म्हणाली. सगळ्यांची मिळून एक फाइल झाली. मी ती पेनड्राइव्हवर घेतली.

आणि सोसायटीच्या संगणकावर एकदाही उघडून पाहिली नाही.

पहिला लिलाव. बोटी रात्रीच लागलेल्या, उजाडताना किनारा मासळीने भरलेला. चेअरमन इस्त्रीच्या शर्टात. मी फाइल लावली, यंत्र घुर्र घुर्र करून स्टिकर ओकू लागलं, आणि बायका ते घेऊन ओल्या क्रेटवर चिकटवत पळू लागल्या. घाईत कोणी नीट पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा पायाखालची जमीन हलली, आणि मला पुन्हा एकदा बोट लागली. सोसायटीच्या संगणकात तो मोठा फॉन्ट नव्हता. प्रत्येक स्टिकरवर चौकट होती.

लिलाव पुकारायला जनार्दन उभा राहिला. धिप्पाड माणूस, आवाज अर्नाळ्यापर्यंत जावा असा. त्याने पहिला क्रेट पाहिला.

"चौकट! चौकटीचं पापलेट! बोला!"

माल विकला गेला. दुसरा क्रेट.

"चौकट! चौकटीची सुरमई!"

तिसरा. "चौकट! चौकटीचा घोळ!" मग त्याने मान वर केली. "फिलूमावशी, तुजा पोर बोट घेऊन गेलेला का आरमार?"

फिलूमावशी आधी चकित होती. मग तिने चारी बाजूंना पाहिलं. जिकडेतिकडे तिची चौकट. कोळंबीवर चौकट, बोंबलांवर चौकट, बर्फाच्या फावड्यावर कोणीतरी चुकून चिकटवलेली, तीही चौकट. ती क्रेटवर उभी राहिली, पदर खोचला आणि हात जोडून म्हणाली, "देवाची किरपा जाली रे! सगला बंदर माजा!"

"उतर खाली!" हिराबाय ओरडली. "ते माजे गळ हायेत!"

"कुटं हायेत? दाखव!"

"गंगूच्या तं दोन-दोन आल्यात!" कोणीतरी म्हणालं. खरंच, गंगूबायच्या स्टिकरवर दोन चौकटी होत्या. किमयागारांची चिन्हं युनिकोडच्या यादीत फार पुढच्या क्रमांकांवर आहेत, जुन्या प्रोग्रॅमला एवढा मोठा क्रमांक एका घासात गिळता येत नाही, तो त्याचे दोन तुकडे करतो. पण हे त्या क्षणी कोणाला सांगणार?

"दोन चौकटी म्हंजे डबल माजं," फिलूमावशीने वरूनच निकाल दिला.

गंमत अशी की एक स्टिकर खरंच बरोबर होतं, तिचं. बाकीच्या चौकटी उभट होत्या, तिची चारी बाजूंनी सारखी. पण हा फरक साऱ्या किनाऱ्यावर फक्त मला दिसत होता आणि मला बोलायला तोंड नव्हतं. यंत्रवाल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "अंकल, मी बोललो होतो ना, नंबर टाका." चेअरमन माझ्यापाशी आले. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "चहा होईपर्यंत थांबतो. मग नंबर."

यमुना माझ्याजवळ आली. "काय पायजे?"

"घरचा लॅपटॉप. त्यात फॉन्ट आहे."

पुढचं काही बोलायच्या आत ती निघाली होती. गल्लीतून परत आली ती पळत, आणि लॅपटॉप कुठे होता? टोपलीत, डोक्यावर, वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर सवयीने घातलेला ओला पंचा. आयुष्यभर जी वस्तू किनाऱ्यावर आणायची ती याच पद्धतीने, तिला दुसरी पद्धत सुचलीच नाही. वाटेत दोघांनी विचारलं म्हणे, काय आणलंस? "शिंगाडा," तिने माशाचं नाव सांगितलं.

पंचा काढला. लॅपटॉप चालू झाला, हा माझ्या नोकरीतला एकमेव चमत्कार. फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतला, सोसायटीच्या संगणकात बसवला, एडिटर बंद करून पुन्हा उघडला. पडद्यावर कोंबडीचं पाऊल. तीन गळ. चंद्रकोर. गंगूबायच्या दोन चौकटी तशाच राहिल्या, तेव्हा मी व्हिनेगर काढून आधीच्या क्रमांकांमधलं ठिपक्यांचं एक फूल तिला दिलं. आकार जवळजवळ तोच, फक्त ठिपके जरा गुबगुबीत. "पयल्यापेक्षा बरं दिसतंय," गंगूबाय म्हणाली. फिलूमावशीला तेवढं बंदराचं राज्य सोडून खाली उतरावं लागलं.

यंत्र पुन्हा घुरघुरलं. एकेक स्टिकर निघालं, एकेक बाई ते छातीशी धरून गेली. सगळ्यात शेवटी आमचं.

चंद्रकोर आली, आणि तिच्या शेजारी, बाहेर, दोन ठिपके. यंत्राला अक्षरावर अक्षर बसवता येत नव्हतं. ते एकेक करून ओळीत मांडत होतं. पुन्हा छापलं. पुन्हा ठिपके बाहेर, कोयत्याने तोडून टाकल्यासारखे.

चेअरमननी ते हातात घेतलं. जनार्दनला दाखवलं. जनार्दन म्हणाला, "मी तं यो रोजीचाच पुकारीन. ठिपके मना पान्याचे थेंब वाटतील."

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं, मग बायकांकडे. सगळ्या आपापलं स्टिकर धरून उभ्या होत्या. एकीची जरी आली नाही तर, हे सगळ्यांना पाठ होतं, आणि ती एक कोण निघाली तेही सगळ्यांना दिसत होतं. माझ्या आईची निशाणी. यमुनेने दिलेला शब्द.

यमुनेने स्टिकर चुरगळून कमरेला खोचलं. माझ्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. फाइलच्या बाजूला चिन्हांचा तक्ता अजून उघडा होता.

"ही नाय आली, म्हंजे ही माजी निशानी नाय," ती म्हणाली. "माजी दुसरीच हाय. ती आली का सगल्यांच्या आल्या. काय चेअरमन?"

चेअरमन म्हणाले, "दुसरी कुठली?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. ओलं बोट, त्याचा डाग नंतर कितीतरी दिवस होता. "यो. यो हसतो तो."

मी पाहिलं. गोल डोकं, गोल पोट, डोक्यावर टोपी, भोवती बर्फाचे कण. थंड देशांत मुलं अंगणात करतात तो बर्फाचा माणूस. वसईच्या कोळीवाड्यात कोणी जन्मात पाहिला नसेल असा.

"अगं, तो बर्फाचा माणूस आहे."

"मग बरा! बर्फखोलीत तोच टिकंल."

आधी रोझी हसली. मग फिलूमावशी, मग चेअरमनना इस्त्रीचा शर्ट सावरेना. यंत्रातून स्टिकर बाहेर आलं, आणि त्यावर तो होता, टोपीसकट, स्वच्छ, एकही चौकट नाही. जनार्दनने ते क्रेटवर पाहिलं आणि तोंड उघडून तसाच उभा राहिला. चौकट पुकारता येते, कोयता पुकारता येतो. याला काय म्हणायचं?

"पुकार ना!" यमुना ओरडली.

"बर्... बर्फ्या!" जनार्दन गरजला. "बर्फ्याचे बोंबील! बोला!"

यमुना हसता हसता खाली बसली, ती बोंबलांच्या भरल्या क्रेटवरच. उठवायला गेलेली हिराबायही तिच्या शेजारी बसली. ते बोंबील सुकवायलासुद्धा उपयोगाचे उरले नाहीत.

घरी आल्यावर ती आईच्या तसबिरीपाशी गेली. मला वाटलं होतं, रडेल. तिने कमरेचं चुरगळलेलं स्टिकर काढून तसबिरीमागे ठेवलं आणि म्हणाली, "सासूबाय, रागावू नका. बंदरावर बर्फ्या असतो, कोयता घरात ठेवलाय." मग मला विचारलं, "तिकडं थंडीच्या देशात कोली असतात का वो?"

मी निवृत्त झालो तरी निशाण्यांचं काम सुटलं नाही. संगणक बदलला की चौकटी येतात, आणि चौकटी आल्या की मला बोलावणं येतं. पण एक गोष्ट मला सलत राहिली. एका ठिपक्यांच्या जोडीपायी माझ्या बायकोने माझ्या आईची निशाणी सोडली, आणि मी शिकलेला माणूस बघत राहिलो. ती गेल्यावर, घर फार शांत झालं तेव्हा, मी शिकायला बसलो. युनिकोडच्या यादीत काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्याला जे चिन्ह कुठेच मिळत नाही, त्याने स्वतः काढून तिथे बसवावं. यंदाचा सगळा पावसाळा मी त्या एका अक्षरावर घालवला. कोयत्याची धार, मूठ, पोट, पोटात दोन ठिपके. आता तो एकच आकार, एकच क्रमांक. सोसायटीत नेऊन छापून पाहिला. ठिपके जागचे हलले नाहीत.

आमची सून प्रज्ञा नालासोपाऱ्याची, नोकरी करणाऱ्या घरातली. लग्नानंतर सासूच्या मागे मागे बंदरावर जाऊ लागली आणि मासळी ओळखायला शिकली. यंदापासून क्रेट तीच लावणार होती. मी तिच्यापुढे स्टिकर ठेवलं.

"बाबा, हे काय?"

"आपली निशाणी. तुझ्या आजेसासूची. तुझ्या सासूने सोडली होती, मी परत आणली."

तिने ते उजेडात धरून पाहिलं. "कसलं भारी काढलंय बाबा. ठिपके पण मस्त." मग तिने ते खाली ठेवलं. "पण निशाणी सासूकडून सुनेला मिळते ना?"

"हो."

"मग मला आजेसासूची कशी चालेल? मला आईंची द्या."

मी सोसायटीत जाऊन तो हसणारा माणूस छापून आणला आणि तिच्या हातात दिला. कोयत्याचं स्टिकर तिने स्वतःच तसबिरीमागे ठेवलं. आता तिथे दोन तसबिरी आहेत.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या लिलावाला मी सोसायटीच्या दारात उभा होतो. जनार्दनने क्रेट पुढे ओढला, स्टिकर पाहिलं, आणि त्यावरचं पाणी हाताने पुसलं.

"बर्फ्या! बर्फ्याचा हलवा! बोला!"

पहिली बोली फिलूमावशीने लावली. तिच्या स्वतःच्या सगळ्या क्रेटमध्ये हलवाच होता.